पोटातल्या बाळाचे ठोके
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. माझी शाळा सातवीला सुटली, आणि या मंडळात आजवर मी पापडाच्या लाट्या मोजल्या, सतरंज्या झटकल्या, भाषण मात्र कधी केले नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "2023 सालच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही साठ बायकांचे वाण घेऊन नाहीशा झालात, त्याचा जाब आज साऱ्यांसमोर द्या." तेव्हा हा जाबच आहे असे समजा. त्यासाठी मला जरा मागे, 2019 सालच्या गौरीगणपतीपर्यंत जावे लागेल.

त्या वर्षी माझी थोरली मुलगी गौरींसाठी माहेरी आली होती. पहिलटकरीण, पाचवा सरत आलेला. गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, तिची सोनोग्राफी होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी पोटावर यंत्र ठेवले ते बराच वेळ उचललेच नाही. मग म्हणाले, "बाळाचे ठोके मधूनच चुकताहेत. मोजणीही कमी भरते. पोटातल्या बाळाचे हृदय पाहणारे डॉक्टर पुण्याला आहेत, त्यांच्याकडे आज-उद्याच जा." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, वर तारीख घातली, 3 सप्टेंबर.

परवा गौरी यायच्या होत्या. घरात फराळाचा घाणा चढलेला, मुखवटे उजळायचे राहिलेले, पुरणाची डाळ निवडायची होती. मी लेकीला म्हटले, "अगं, बाळ हालते आहे ना? मग गौरी उरकू देत, सोमवारी जाऊ." जावईबापू गप्प बसले. मुलगीही गप्प बसली, कारण मीच म्हणत होते. तिच्या मनात काय होते ते मी विचारले नाही.

सोमवारी, 9 तारखेला, आम्ही पुण्याला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तासभर पाहिले. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला 110 ते 160 असावे लागतात. आमच्या बाळाच्या हृदयाचे वरचे कप्पे 140 च्या चालीने चालले होते आणि खालचे 58 च्या. ठोके आता मुळीच चुकत नव्हते, अगदी संथ, सारखे पडत होते. मला वाटले, बरे झाले, सुधारले. बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, हेच वाईट आहे.

मग त्यांनी समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगते. हृदयाला चार कप्पे, दोन वर, दोन खाली. हालण्याची आज्ञा वरून निघते आणि मधल्या एका बारीकशा गाठीतून खाली पोचते. जुन्या वाड्यात सासूबाई माडीवरून हाक मारतात आणि खाली सून कामाला लागते, तसे. (सुनांनी हसू नये.) हाक पोचायला उशीर लागू लागला तर ती पहिली पायरी. काही हाका पोचल्या आणि काही वाटेतच विरल्या तर ठोके चुकतात, ती दुसरी. आणि एकही हाक पोचेनाशी झाली की खालचे कप्पे आपल्या मनाने, सावकाश काम करू लागतात. ती तिसरी. याला ते हार्ट ब्लॉक म्हणतात. ब्लॉक म्हटले की आपल्याला म्हाताऱ्या माणसांच्या तुंबलेल्या रक्तवाहिन्या आठवतात, पण हा तो नव्हे. इथे रक्ताची वाट मोकळी असते, निरोपाची वाट बंद पडते.

ती बंद का पडली? बाईंनी मुलीला विचारले, सांधे दुखतात का, उन्हात चट्टे उठतात का, डोळे कोरडे पडतात का. मुलगी म्हणाली, डोळ्यांत वर्षभर वाळू गेल्यासारखे खुपते, आणि तोंडाला कोरड पडते म्हणून रात्री उठून पाणी पिते. भगिनींनो, डोळ्यांवरून मी तिला कितीदा रागे भरले होते! सारा दोष मी त्या मोबाईलवर टाकला होता. रक्त तपासले तेव्हा कळले की तिच्या रक्तात 'रो' नावाच्या पदार्थाविरुद्धची प्रतिपिंडे आहेत. प्रतिपिंडे म्हणजे रोगाशी लढायला शरीर जे शिपाई तयार करते ते. आईचे शिपाई वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मल्यावर काही महिने त्याला राखतात, ही देवाची सोयच आहे. पण काही बायकांच्या रक्तात चुकीचे शिपाई असतात आणि तेही त्याच वाटेने जातात. चौथ्या महिन्यापासून ते बाळाकडे जाऊ लागतात, आणि एखाद्या बाळात नेमके त्या गाठीवर उतरतात. तिथे आधी सूज येते, मग वण पडतो. पुष्कळशा आयांना स्वतःला काहीच होत नसते, त्यामुळे हे बाळावरूनच प्रथम कळते. अशा 100 आयांत एखाद-दुसऱ्या बाळालाच हा त्रास होतो, हेही सांगते, नाहीतर उद्या डोळे चुरचुरले की तुम्ही घाबराल.

आता औषधाकडे येते. माझा भाचा कॉलेजात शिकतो, त्याने रात्रीतून वाचून काढले की यावर स्टेरॉइड देतात. टोरांटोच्या डॉक्टरांनी 2004 साली लिहिले होते की आईला डेक्सामेथासोन दिले त्या बाळांपैकी 100 तली 90 वर्षाची झाली, आणि न दिलेल्यांतली निम्मीही वाचली नाहीत. हे ऐकल्यावर मी कशाला थांबते? दुसऱ्या दिवशी बाईंपुढे उभी राहिले आणि म्हटले, "औषध आहे, ते फुटाण्याच्या भावात मिळते, आणि तुम्ही देत नाही! आम्ही खेड्यातले म्हणून?" असे मी खरोखरच बोलले. आजही आठवले की मान खाली जाते.

बाईंनी मला बसवले, पाणी दिले. त्या म्हणाल्या, "आजी, हात भाजला तर तुम्ही काय करता?" मी म्हटले, लगेच पाण्याखाली धरते. "आणि भाजून महिना झाला, वण पडला, मग पाण्याखाली धरला तर?" मी काही बोलले नाही. स्टेरॉइड सूज उतरवते, वण पुसत नाही. तिसऱ्या पायरीवर गेलेले बाळ गोळीने मागे येत नाही. टोरांटोचे आकडे खोटे नव्हते, पण ज्यांना गोळी दिली ती बहुतेक अलीकडची बाळे आणि ज्यांना दिली नाही ती त्याआधीच्या वर्षांतली. मधल्या काळात बाकीची निगाही सुधारली होती. पुढे 2011 साली निरनिराळ्या देशांतल्या इस्पितळांनी 175 बाळांची माहिती एकत्र केली, तेव्हा गोळी घेतलेल्या आणि न घेतलेल्या यांच्या जगण्यात फरक दिसला नाही.

आणि गोळी फुकट जात नाही. स्टेरॉइडांतही प्रकार आहेत. दम्याला, सांध्यांना देतात ती प्रेडनिसोलोन वार बहुतांशी निष्प्रभ करून टाकते, बाळापर्यंत थोडीच जाते. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन या दोन मात्र वार ओलांडून जातात, म्हणून बाळासाठी याच निवडतात, आणि म्हणूनच त्यांचा भारही बाळावर पडतो. आईचा रक्तदाब चढतो, साखर चढते, जंतुबाधा लवकर होते. बाळाची वाढ खुंटू शकते, त्याच्याभोवतीचे पाणी कमी होते. तुमच्यापैकी काहींच्या सुनांना दिवस पुरे भरण्याआधी कळा लागल्या म्हणून बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शने दिली असतील. औषध तेच किंवा त्याचेच भावंड, पण ते दोन दिवसांचे काम. त्याची भीती घेऊ नका, कोणी दिले तर नाकारू नका. मी बोलते आहे ते रोज, आठवडेच्या आठवडे घ्यायच्या गोळीबद्दल.

हे सारे सांगून झाल्यावर बाईंनी तालुक्याची चिठ्ठी पुन्हा हातात घेतली. तारखेवर त्यांची नजर थांबली. त्या काही बोलल्या नाहीत, मीच विचारले, "त्याच दिवशी आलो असतो तर?"

त्या म्हणाल्या, "ठोके चुकत होते म्हणजे काही हाका खाली पोचत असाव्यात. त्या दिवशी आला असतात तर गोळी देऊन पाहिली असती. काही बाळांत उपयोग होतो. काहींत गोळी चालू असतानाही वाट बंद पडते. कधी तर हे सगळे 24 तासांतच होऊन जाते. म्हणून सहा दिवसांचा हिशोब एकटीच्या नावावर लिहू नका."

मी तो लिहिलाच.

बाहेर वेगळाच हिशोब चालला होता. विहीणबाईंना आठवले की जुलैतल्या चंद्रग्रहणाच्या वेधात सुनेने विळीवर भाजी चिरली होती. झाले, सगळ्या नातेवाइकांत तेच बोलले जाऊ लागले. आता एक गोष्ट सांगते, ती मी अजून यांनाही सांगितली नव्हती. ग्रहणाचे ते बोलणे मला सोयीचे वाटले. ग्रहणाचा दोष मुलीकडे जात होता, गौरींचा दोष माझ्याकडे आला असता. माझ्या पोटची पोर घरोघर बोल खात होती आणि मी पंधरा दिवस गप्प बसले. एके रात्री ती मला म्हणाली, "आई, मी खरंच चिरली गं भाजी." तेव्हा मात्र मला राहवले नाही. दुसऱ्या दिवशी मी विहीणबाईंच्या घरी गेले, रक्ताच्या तपासणीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला, आणि चिठ्ठीवरची तारीखही दाखवली. वाटले होते आता पुष्कळ ऐकावे लागेल. त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "गौरी माझ्याकडेही होत्या. मीही हेच म्हटले असते." पुन्हा त्या घरात ग्रहणाचे नाव निघाले नाही.

बाळाच्या अंगात पाणी साठले नव्हते आणि ठोके 55 च्या खाली गेले नव्हते, म्हणून स्टेरॉइड न देता दर आठवड्याला नुसते पाहत राहिले. असे नुसते पाहत राहणे फार अवघड. हातात गोळी दिली की माणसाला काही केल्यासारखे वाटते. डिसेंबरात नातू झाला, 2 किलो 400 ग्रॅमचा. पुढे काही दिवसांतच त्याला पेसमेकर बसवला. इतक्या लहान मुलाला छातीत जागा नसते, म्हणून पेटी पोटात ठेवतात आणि तारा हृदयाला बाहेरून टाचतात. माझ्या पाटल्या त्यात गेल्या. गेल्या त्या चांगल्या कामी गेल्या. अशी जी मुले जगतात त्यांतल्या पुष्कळांना आज ना उद्या पेटी लागतेच. आमच्याकडे ती पहिल्याच महिन्यात लागली एवढेच.

आता दुसऱ्या वेळेची गोष्ट. एकदा असे बाळ झालेल्या आईच्या पुढच्या खेपेला धोका वाढतो. 100 तल्या एक-दोन बाळांच्या जागी सोळा ते अठरा. आम्ही सारे म्हणत होतो, एक आहे तो सांभाळू या. मुलगी म्हणाली, मला दुसरे हवे आहे, आणि या वेळी आपण आधीपासून तयार राहू. सांधेवाताच्या डॉक्टरांनी तिला दिवस राहण्याआधीच हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू केले. ही मलेरियाची जुनी गोळी. कोरोनाच्या दिवसांत लोक हिच्यामागे उगाच धावले होते, पण या कामात तिला खरा आधार आहे. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 2020 साली प्रसिद्ध केले की असे एक मूल झालेल्या 54 आयांना ही गोळी रोज 400 मिलिग्रॅम, दहावा आठवडा पुरा होण्यापूर्वीच सुरू करून दिली, तर चौघींच्याच बाळांना पुन्हा त्रास झाला. एरवी नऊ-दहा जणींच्या व्हायला हवा होता. म्हणजे धोका निम्म्याहून कमी झाला, पण गेला नाही.

सोळाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला पुण्याला इको सुरू झाला. पण ही वाट दोन तपासण्यांच्या मध्येही बंद पडू शकते, म्हणून बाईंनी ठोके ऐकायचे एक लहान यंत्र घरी दिले. त्यात चित्र दिसत नाही, नुसता आवाज येतो. कसा ऐकायचा ते त्यांनी दोघींना शिकवले. सकाळ-संध्याकाळ मुलगी ते पोटावर धरायची, मी घड्याळ लावून वहीत लिहायची. 144, 148, 142. असे पान भरत गेले. देवाचे नाव लिहावे तशी मी ती वही लिहीत होते.

20 जानेवारी 2023, आपले हळदीकुंकू. मी साडी नेसून, साठ स्टीलच्या वाट्यांची पिशवी उचलून दारात आले होते. मुलगी आतून म्हणाली, "आई, जरा ये." तिने यंत्र धरले होते. टक, टक, टक, आणि मग एक रिकामी जागा. पुन्हा टक, टक, आणि रिकामी जागा. मी वही उघडलीच नाही. जावईबापूंना फोन केला, शेजारच्या जीपवाल्याला हाक मारली, आणि आम्ही निघालो. वाणाची पिशवी माझ्या खांद्यालाच राहिली, ती खंबाटकीच्या घाटात लक्षात आली.

मधूनच चुकलेला प्रत्येक ठोका असा नसतो, बरे का. पुष्कळ बाळांत एखादा ठोका अवेळी पडतो आणि तो आपोआप जातो. इस्पितळात शिरतानाही मी मनात तेच म्हणत होते. पण रात्री अकराला बाईंनी पाहून सांगितले, दुसरी पायरी. दर तीन-चार हाकांत एक वाटेत विरते आहे.

या वेळी गोळी त्यांनी स्वतःहून काढली. आणि गंमत पाहा, पहिल्या वेळी गोळीसाठी भांडणारी मी आता म्हणाले, "बाई, बाळाची वाढ खुंटेल ना?" त्या म्हणाल्या, "खुंटेलही कदाचित. पहिल्या आणि दुसऱ्या पायरीवर ही गोळी द्यावी असे पुष्कळ जाणकारांचे मत आहे, पण त्यातही खात्री देणारा कोणी नाही. मात्र द्यायची तर आज." मुलीने माझ्याकडे पाहिले नाही, नवऱ्याकडेही नाही. तिने हात पुढे केला. डेक्सामेथासोन, दिवसाला 4 मिलिग्रॅम.

सहाव्या दिवशी रिकाम्या जागा गेल्या. हाक थोडी उशिरा पोचे, पण पोचे. बाई मोकळेपणाने म्हणाल्या, हे गोळीने झाले की आपोआप, ते सांगता येणार नाही. मी त्यांचे ऐकून घेतले. मला काय वाटते ते माझ्यापाशी.

त्याची किंमतही पडली. महिन्याभरात मुलीची साखर चढली, चेहरा सुजून ओळखू येईना, रात्रभर झोप नाही, आणि एरवी शांत असलेली पोर वाटीवरून वाटी आपटायची. तिसाव्या आठवड्याच्या आत बाळाभोवतीचे पाणी कमी दिसले. तेव्हा गोळी हळूहळू उतरवत बंद केली. ती एकदम तोडायची नसते, हे ध्यानात ठेवा. मे महिन्यात नात झाली, 2 किलो 100 ग्रॅमची, मुठीएवढी. पण तिचे हृदय तिच्याच आज्ञेने चालते. अजून दरवर्षी तपासणी आहेच.

वाणाचे राहिले. त्या रात्री आम्ही इस्पितळाच्या बाकावर बसून होतो. सकाळी पाळी बदलली तेव्हा मी त्या वाट्या तिथल्या नर्सबाईंना आणि झाडणाऱ्या मावशींना कुंकू लावून लुटल्या. एकोणसाठ वाट्या गेल्या. साठावी मी ठेवून घेतली, नात तिच्यातूनच वरणभात खाते. मंडळाच्या वाट्यांचे पैसे मी पुढच्याच महिन्यात भरले, पावती आहे. तेव्हा ज्या भगिनींनी मला नावे ठेवली, त्यांनी ती परत घ्यावीत.

नातू आता शाळेत जातो. पळतो, झाडावर चढतो, पोटातली पेटी वर्गातल्या मुलांना दाखवून एकेक चिंच वसूल करतो. तिची बॅटरी संपत आली की पेटी बदलावी लागते. यंदाच्या तपासणीची तारीख नेमकी गौरीपूजनाच्या दिवशी आली आहे. चिटणीसबाई, आताच सांगून ठेवते, या वर्षी माझ्या गौरी धाकट्या जावेच्या घरी आहेत. हळदीकुंकवाला तिच्याकडे जा.